पापडाच्या डब्यातल्या जोड्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि जिच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही आमच्या क्लबचे सभासद असाल, किंवा कुणाच्या घरी चहाची वाट बघत ही स्मरणिका सहज चाळत असाल — कुणीही असा, जरा जवळ बसा.

समितीनं मला क्लबचा इतिहास लिहायला सांगितला. कारण उघड आहे. पंचवीस वर्षांतली झाडून सगळी कामं माझ्या याद्यांमधून गेली आहेत. रेषा आखायची फक्की कधी संपली, जमीन दाबायचा रूळ कुणी नेला आणि परत आणला नाही, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत — विचारा, मी सांगते. मला वाटलं होतं, हे एका सकाळचं काम. तीन आठवडे झाले. एका जागेपर्यंत येते, उठते, डाळ निवडते, परत बसते. पुन्हा तीच जागा.

तेव्हा आधी सोपं आहे तेवढं सांगून घेते.

आमचं कोर्ट मुरमाचं. लातुरात, वसाहतीच्या मागे ज्या मोकळ्या जागेत लग्नसराईत मांडव आणि एरवी म्हशी असायच्या, तिथे बिराजदार सरांनी सुतळी धरून चौकोन आखला. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. हैदराबादला शिकत असताना त्यांनी टेनिस पाहिलं होतं — खेळलं नव्हतं, नुसतं पाहिलं होतं, हे त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितलं. पहिली जाळी व्हॉलीबॉलची, मधोमध पोट सुटलेली. रॅकेटी दोनच. म्हणजे प्रत्येक बाजूला एक. आपण फटका मारायचा आणि लगेच पळत जाऊन रॅकेट जोडीदाराच्या हातात द्यायची. आजही जुने सभासद फटका मारून झाला की नकळत रॅकेट शेजाऱ्यापुढे धरतात. नवे लोक गोंधळून ती घेतात सुद्धा.

मुरमाला पाणी मारावं लागतं, नाहीतर धुरळा उडतो आणि चेंडू मनाला येईल तसा उसळतो. आणि लातुरात पाणी — तुम्हाला काय वेगळं सांगायचं? नळाच्या पाळीवर आमच्याकडे पाहुण्यांचे मुक्काम ठरतात. म्हणून क्लबचा पहिला नियम झाला तो असा, की येताना प्रत्येकानं घरून कॅनभर वापरलेलं पाणी आणायचं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं. त्यामुळे कुणाकडे आज मेथी आहे आणि कुणाकडे पाहुण्यांसाठी मोठा भात टाकलाय, हे कोर्टावर पाय ठेवताच कळायचं. साबणाचं पाणी चालत नाही. हा पोटनियम एका बँकेच्या मॅनेजरसाहेबांमुळे करावा लागला. त्यांनी कपडे धुतलेलं पाणी ओतलं, स्वतःच त्यावरून घसरले आणि मागच्या रेषेपासून जाळीपर्यंत बसल्या बसल्या आले. चेंडू मात्र त्यांनी परतवला. तो गुण आम्ही त्यांना दिला.

आणि मंगल. मंगलबद्दल मी अजून लिहिलंच नाही, बघा.

मंगलच्या नवऱ्याचं आडत दुकान. ते खेळायला यायचे; एकदा चष्मा घरी विसरले, तो द्यायला ती आली. पदर खोचून थेट कोर्टात. नवऱ्याच्या हातातली रॅकेट घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "अगोबाई, चाळणीला दांडा लावलाय की." मग चेंडू मारला. तो कुंपणाच्या पलीकडे एका म्हशीच्या पाठीवर पडला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा पाण्याचा कॅन घेऊन हजर. तिच्यामागून मी आले, माझ्यामागून आणखी पाचजणी. बायकांचं टेनिस आमच्या क्लबात असं सुरू झालं. मी कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक, त्यामुळे सहा महिन्यांत सचिव झाले. मंगल कधीच काही झाली नाही. पण ती आली नाही त्या दिवशी लोक लवकर घरी जायचे.

चिठ्ठ्यांची कल्पनाही तिचीच. झालं असं, की चांगला जोडीदार कुणी घ्यायचा यावरून दोन प्राध्यापकांचं बोलणं बंद झालं. ते जाळीच्या एकाच बाजूला उभे राहून एकमेकांना तिसऱ्याकरवी "चेंडू तुझा" असं कळवायचे. हे बघून मंगल वैतागली. "लगीन जमवायलाव का टेनिस खेळायलाव? टाका नावं डब्यात!" दुसऱ्या दिवशी घरून पापडाचा डबा घेऊन आली. तेव्हापासून दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सगळ्यांच्या चिठ्ठ्या त्या डब्यात पडतात. जी जोडी निघेल ती वर्षभराची. बदलायची नाही, कुरकुर करायची नाही, आणि वर्षातून एकदा तरी जोडीदाराच्या घरी जेवायचं. पेन्शनर आणि पोरसवदा, डॉक्टर आणि किराणावाला, भाजप आणि काँग्रेस — डब्यानं कुणाकुणाला एकत्र जेवायला बसवलं म्हणून सांगू! चिठ्ठ्यांना उडदाचा वास यायचा. अजून येतो.

आम्ही बायका सातजणी, आमच्या चिठ्ठ्या वेगळ्या. म्हणजे तीन जोड्या आणि एक राखीव. डब्यातून सहा चिठ्ठ्या काढायच्या, सातवी उघडायचीसुद्धा नाही. जिचं नाव आलं नाही ती त्या वर्षी राखीव. साधा हिशेब. चिठ्ठ्या लिहायचा आणि डबा सांभाळायचा जिम्मा माझा.

तुम्ही हुशार आहात. तुमच्या लक्षात आलं असेल. पण मला सांगू द्या — मी माझ्या तोंडानं सांगायला हवं ना?

दरवर्षी थंडीत आमचा नांदेडच्या क्लबाशी सामना असतो. एक वर्ष ते आमच्याकडे, एक वर्ष आम्ही त्यांच्याकडे. बायकांच्या तीन जोड्या, दोन सामने जिंकेल तो क्लब जिंकला. नांदेडकरणी आम्हाला दरवर्षी हरवायच्या आणि वर प्रेमानं जेवायला वाढायच्या. ते वाढणं मला लागायचं. "घ्या हो अजून एक पोळी, दमला असाल." मी दमलेली नसायचे. मी हरलेली असायचे.

आणि डब्यानं मला लागोपाठ दोन वर्षं मंगल दिली होती.

मंगल खेळते कशी हे तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. चेंडू रॅकेटच्या जाळीला लागायच्या ऐवजी कडेला लागतो. टण्णकन वाजतो, आणि मग तो कुठे जाईल ते तिलाही ठाऊक नसतं. ती मात्र प्रत्येक वेळी आनंदानं ओरडते, "गेला गं गेला!" तो गेलेलाच असतो. दोन वर्षं मी तिच्याशेजारी उभी राहून दात ओठ खात हसले. तिसऱ्या वर्षी सामना नांदेडला होता. आमच्यातली एक बदली होऊन गेली होती आणि तिच्या जागी रुबीना आली होती — दातांची डॉक्टर, विद्यापीठाकडून खेळलेली. पहिल्यांदाच जिंकणं शक्य दिसत होतं. फक्त मंगल राखीव निघायला हवी होती.

अजून एक गोष्ट. ही मी गाळणार होते. मंगलचं माहेर हदगावकडचं. तिचे वडील — सगळे त्यांना अप्पा म्हणायचे — शेती मुलांच्या हाती देऊन नांदेडला धाकट्या मुलाकडे राहायला आले होते. त्यांना मुलीचं हे खूळ पटत नव्हतं. फोनवर म्हणायचे, "या वयात बॅट घेऊन काय करून राहिली तू?" मंगल म्हणायची, "मी नांदेडला खेळायला येऊन राहिले ना यंदा, बघा की मग." दसऱ्याच्या आधीपासून तिचं हेच चाललं होतं. अप्पांना कुठे बसवायचं, उन्हाला पाठ कशी येईल. हे सगळं ती मलाच सांगत होती. म्हणजे मला माहीत होतं. चिठ्ठ्या लिहिताना मला हे माहीत होतं.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की ती चिठ्ठी चुकून खिशात राहिली. नाही राहिली. जेवणाच्या टेबलावर बसून मी सात चिठ्ठ्या लिहिल्या, सारख्या घड्या घातल्या, सहा पाकिटात टाकल्या आणि सातवी पंजाबी ड्रेसच्या खिशात घातली. तिच्यावर मंगलचं नाव होतं. सकाळी सगळ्यांसमोर पाकीट डब्यात रिकामं केलं, डबा हलवला आणि बिराजदार सरांपुढे धरला.

सरांनी सहा नावं वाचली. तीन जोड्या. मला रुबीना मिळाली — तेवढं मात्र मी केलेलं नव्हतं, ते आपोआप झालं. सातवी कुणी बघायचा प्रश्नच नव्हता. डबा रिकामा आहे हे तिथे मला एकटीलाच ठाऊक होतं.

"म्हंजे मी राहिले की!" मंगल म्हणाली.

"राखीव म्हणजे काही कमी नव्हे, मंगलबाई," सर म्हणाले.

"कमी कुठं म्हणले मी? यंदा मी कोच हाय." आणि टाळी वाजवून, "चला गं, उभ्या काय राहिलाव? पळा! दोन चकरा!"

आणि आम्ही पळालो. सर पळाले, पुरुष पळाले, कुणीतरी पाण्याचा कॅन हातात घेऊनच पळालं. अख्खा क्लब हसत हसत कोर्टाभोवती धावत होता आणि मंगल मधोमध उभी राहून शिट्टीसारखा आवाज काढत होती. मीही धावले. मीही हसले. खरंच हसले, हो. खिशात ती चिठ्ठी.

घरी जाताना ती एकदाच म्हणाली, "अप्पाला काय सांगू गं?" उत्तरही तिनंच दिलं. "सांगते, तुमची लेक कोच झाली म्हणून. त्यांना कुठं फरक कळतोय!"

नांदेडला आम्ही भाड्याची क्रूझर जीप करून गेलो. मंगलनं सगळ्यांसाठी धपाटे, शेंगांची चटणी आणि दह्याचं मोठं भांडं घेतलं होतं. सातही जणींचे पांढरे कुर्ते तिनंच शिवले होते. तिच्या अंगावरही होता. अप्पा आमच्या आधी येऊन बसले होते, घरून खुर्ची घेऊन. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. मंगल त्यांच्याशेजारी उभी राहून सगळं समजावत होती, निम्मं चुकीचं. "ती रुबीना. दात काढती. आन् ही आमची सेक्रेटरीण, हिच्याशिवाय क्लबातलं पान हलत न्हाई."

पहिला सामना हरलो, दुसरा जिंकलो, तिसरा माझा आणि रुबीनाचा. तो आम्ही जिंकला. शेवटचा फटका रुबीनाचा होता, पण त्याआधीचा माझा होता, आणि तो रेषेच्या आत इतका सुरेख पडला की मला आजही दिसतो. सगळ्यात आधी मंगल धावत आली. तिनं मला उचललं, गोल फिरवलं आणि तोल जाऊन आम्ही दोघी मुरमात पडलो. नांदेडच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मला लाज वाटली का? नाही वाटली. इतकी खुश मी माझ्या लग्नातसुद्धा नव्हते. हे असंच होतं, तर असंच लिहायला हवं.

मग मी अप्पांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "लई चांगलं खेळलीस, बाय. आमची मंगल बी खेळती म्हनं."

म्हनं. खेळते म्हणे.

इथे मी थांबत होते. तीन आठवडे इथेच थांबत होते. कारण याच्या पुढचं जास्त वाईट आहे, आणि ते कुणाला शोधूनही सापडलं नसतं.

जेवणं झाल्यावर नांदेडच्या बायकांनीच विषय काढला. एक मजेचा डाव होऊ द्या, मंगलबाईंना घ्या, अप्पा बसलेलेच आहेत. मंगलनं तर रॅकेट उचललीसुद्धा. ऊन उतरलं होतं, त्यांनी कोर्टावर ताजं पाणी मारलं होतं, आणि झालं ते निस्तरायची संधी कुणीतरी ताटात वाढून माझ्यापुढे ठेवली होती. मी काय केलं? मी घड्याळ बघितलं. म्हणाले, "नाही हो, क्रूझरवाल्याला अंधाराच्या आत लातूर गाठायचंय."

क्रूझरवाला लिंबाखाली घोरत होता. त्याला कुठंच जायचं नव्हतं.

का म्हणाले? मला भीती वाटली की ती टण्णकन मारेल, सगळे हसतील, आणि लोकांच्या लक्षात आमचं जिंकणं न राहता मंगलचं ते हसू राहील. एवढ्यासाठी. माझं सगळे ऐकतात, कारण मी वेळ पाळते. मंगलनं रॅकेट पिशवीत ठेवली आणि अप्पांना म्हणाली, "फुडच्या वर्षी लातूरला या. तिथं निवांत बघा."

पुढच्या वर्षी अप्पा लातूरला येऊ शकले नाहीत. काचबिंदू होता, घरच्यांच्या ध्यानात उशिरा आला. दोन वर्षांनी आम्ही पुन्हा नांदेडला गेलो तेव्हा त्यांना काही दिसत नव्हतं.

त्या वर्षी डब्यातून माझी आणि मंगलची जोडी निघाली होती. सातही चिठ्ठ्या घालून. अप्पा आले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. खुर्ची आम्ही जाळीच्या अगदी जवळ ठेवली. चेंडू वाजला की ते मान वळवायचे. मंगल दर फटक्याला ओरडून सांगायची, "अप्पा, हा माझा!" एकदा फटका मी मारला होता आणि तिनं तरी सांगितलं, "हा बी माझाच!"

अप्पा म्हणाले, "न्हाई. तुझा टण् वाजतो."

सगळं मैदान हसलं. समोरच्या नांदेडकरणीला सर्व्हिस करता येईना, ती रॅकेटवर डोकं टेकवून हसत होती. मंगलला तर उभंच राहवेना. त्यानंतर तिच्या रॅकेटचा आवाज झाला की अप्पा बोट वर करायचे, आणि एकदाही चुकले नाहीत. आम्ही दणकून हरलो. नांदेडकरणींनी वाढलेल्या पोळ्या मी न मोजता खाल्ल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा सामना होता, आणि त्यात पूर्ण वेळ मला एकच गोष्ट दिसत होती — ते बोट वर करणारे अप्पा, आणि भलतीकडेच बघणारे त्यांचे डोळे.

आता अप्पा नाहीत. मंगल आहे, ठणठणीत आहे, आजही सकाळी तांदळाचं पाणी घेऊन माझ्या आधी कोर्टावर होती.

समितीनं ठरवलंय, की रौप्यमहोत्सवात डबा सांभाळल्याबद्दल माझा सत्कार करायचा. "पंचवीस वर्षांत एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली नाही" असं निमंत्रणपत्रिकेत छापायचं चाललंय. शाल मंगलच्या हातून. ते काम तिनंच मागून घेतलंय, परवा मला म्हणाली, "तुला अशी गुंडाळते का नाही बघ, उन्हाळ्यात घाम फुटला पायजे."

ती शाल मी घेणार नाही. तसं अध्यक्षांना कळवलं आहे, डबा कालच रुबीनाकडे दिला आहे, आणि सचिवपदही सोडलं आहे. पत्रिकेतलं ते वाक्य काढून टाका. चिठ्ठी इकडची तिकडे झाली होती. मंगलची. मी केली.

उद्या सकाळी खेळून झाल्यावर मी तिच्या घरी जाणार आहे आणि हे सगळं तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे. तुमच्या हातात हे पडेल तेव्हा तिला माहीत झालेलं असेल. ती काय म्हणाली ते मी इथे जोडणार नाही. ते तिचं आहे.

अप्पांना दिसत होतं त्या दिवशी ते घरून खुर्ची घेऊन आले होते, मुलीचा खेळ बघायला. मुलगी रॅकेट हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. आणि मी घड्याळ बघितलं.